रायफलीचा रेग्युलेटर, फक्त पाव फेरा

आमच्या घरातला एकही स्क्रू कंपनीने पिळला तसा राहिलेला नाही. मी आयटीआय झालेली फिटर आहे, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि तिथली कॉम्प्रेसर रूम माझ्या ताब्यात असते. आमचे हे बँकेत आहेत. घरात पाना कुठे असतो हे त्यांना माहीत नाही, आणि तेच बरं आहे.

आमची पूर्वा एअर रायफल चालवते. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ती प्रॅक्टिसहून आली आणि जेवता जेवता बोलून गेली, "छर्रे जरा खाली लागतायत. सर म्हणाले, उद्या मॅचच्या आधी रेग्युलेटर बघू."

आता हे माझ्यासमोर बोलायची काय गरज होती? रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा बेतानं पुढे सोडणारा भाग. असले रेग्युलेटर मी दिवसभर फिरवते. (मशीन मरगळलं की दाब वाढवायचा. ऑपरेटर खूश, सुपरवायझर खूश.)

"मी बघते ना," मी म्हणाले.

"आई, नको. प्लीज हात लावू नकोस."

"नाही लावत गं. माझं काय अडलंय?"

ती क्लासला गेली. लिफ्ट खाली पोचायच्या आत मी रायफलीची बॅग उघडली होती.

काम मात्र मी नियमाने केलं, हे लक्षात घ्या. आधी सगळी हवा सोडली. मग रेग्युलेटर बाहेर काढला, ॲलन-की लावली आणि पाव फेरा पिळला. फक्त पाव. परत बसवल्यावर सिलिंडर भरायचा होता. त्याला हातपंप असतो, दिसायला सायकलच्या पंपासारखा, पण दाबताना कंबर मोडते. तो मी यांच्याकडे दिला.

बेडरूमच्या भिंतीशी गादी उभी केली, तिच्यापुढे रद्दी ठासून भरलेलं खोकं ठेवलं आणि स्वयंपाकघरातून नेम धरला. छर्रा पुठ्ठ्यातून कसाबसा आत गेला.

"हवा कमी पडतेय," मी म्हणाले.

"कमी? आत्ता जीव तोडून भरली की मी."

"भरलेली वेगळी, पुढे जाणारी वेगळी. तुम्हाला नाही कळायचं."

पुन्हा उघडायचं म्हणजे भरलेली सगळी हवा आधी सोडायची. (ती फुस्स करून गेली तेव्हा यांचा चेहरा बघवत नव्हता.) अर्धा फेरा पिळला. पुन्हा पंप. या वेळी छर्रा पुठ्ठ्यावर आपटून खाली पडला.

मी चिडले. मशीनने उलट उत्तर दिलेलं मला खपत नाही. पुन्हा हवा सोडली, एक अख्खा फेरा पिळला आणि घामाने निथळत असलेल्या यांना म्हटलं, "भरा."

"अगं, आधी बीपीची गोळी घेऊन येऊ का?"

"नंतर घ्या. आधी भरा."

तिसऱ्यांदा नुसतं टिक् झालं. छर्रा नळीतच राहिला. तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं.

पूर्वाने पंप पाहिला, धापा टाकणारे बाबा पाहिले, मग माझ्या हातातली रायफल पाहिली. ओरडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. ती फरशीवर बसली आणि रडायला लागली. "उद्या मॅच आहे, आई. वर्षभर मी याच मॅचसाठी मरत होते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"रायफल कोणी उघडली?" सरांनी विचारलं.

"आईने."

"आई काय करतात?"

"कंपनीत मेंटेनन्सला आहे."

"अच्छा," सर म्हणाले. मग थेट मलाच विचारलं, "ताई, किती पिळलात?"

"पाव फेरा," मी म्हणाले.

"पावणेदोन," मागून हे म्हणाले.

सरांनी समजावून सांगितलं. पुढचा व्हॉल्व्ह हवेच्याच दाबाने बंद राहतो आणि हॅमरचा ठोका बसला की क्षणभर उघडतो. दाब वाढवत गेलं की तो इतका घट्ट बसतो की ठोक्याला दाद देत नाही. "आतून चौघांनी दार रेटून धरलं, तर तुम्ही एका हाताने उघडाल का? दाब थोडा कमी करायचा होता, ताई." मला ते लगेच पटलं, आणि पटलं याचाच जास्त राग आला.

सकाळपर्यंत ती रायफल मापात येणं शक्य नव्हतं. पूर्वा क्लबच्या जुन्या, तिला लांब पडणाऱ्या रायफलीवर मॅच खेळली. मी मागे बसून देवाला म्हणत होते, माझ्या हातांची शिक्षा पोरीला नको देऊस. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. निवड झालेल्यांची नावं पुकारली, त्यात शेवटचं नाव तिचं होतं. मी ढसाढसा रडले. यांचे दंड इतके भरून आले होते की टाळ्याही मांडीवर हात ठेवूनच वाजवल्या.

पुढे राज्य स्पर्धेला ती आपणहून म्हणाली, "आई, तूही चल." मला भरून आलं. तिथे पोचल्यावर तिने रायफलीची बॅग बाबांच्या खांद्याला दिली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली.

"झाकण मी लावलंय," ती म्हणाली. "गळत नाहीये. तू पिळू नकोस."

ते झाकण किंचित तिरकं बसलेलं मला लांबूनही दिसलं असतं. पण मॅच संपेपर्यंत मी त्याला हात लावला नाही. माझा उजवा हात यांनी धरून ठेवला होता.