सास्तूरच्या भिंतीवरचा झंपर

या पानावरचे अनुभव मी तेर–धाराशिव एसटीत मैत्रिणींना वाचून दाखवते आणि आम्ही हसतो, हे आधीच कबूल करते. भुतंखेतं, अंगात येणं... आमच्या घरात कुणाचाच यावर विश्वास नाही. माझाही नव्हता. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि माझ्या बाबतीत जे झालं त्यात कुणी दिसलं नाही, आवाज आला नाही. भर दुपारी, शाळेच्या भिंतीसमोर झालं. तरी वर्ष होत आलं, ते डोक्यातून जात नाही.

गेल्या दिवाळीची सुट्टी. सुट्टीत आमचं ठरलेलं असतं — उशिरा उठायचं, चिवडा खात मोबाईलवर सिनेमे बघायचे आणि एक दिवस कॉलेजच्या सगळ्या ग्रुपनं मिळून ट्रिप. त्या वर्षी सगळे नळदुर्गच्या किल्ल्यावर जाऊन आले आणि मला कुणी बोलावलंच नाही. मला कळलं ते नाझनीनच्या स्टेटसवरून. नाझनीन माझी अकरावीपासूनची मैत्रीण. एका बाकावर बसणार, एका डब्यात जेवणार. बाकीच्यांचं सोडा, पण हिनं सांगू नये? मी तिला काही विचारलं नाही. नुसतं बोलणं बंद केलं.

आणि नेमकं भाऊबीजेनंतर कॉलेजच्या सेवा गटाचं तीन दिवसांचं शिबिर आलं, लोहारा तालुक्यात, सास्तूरला. तिथल्या एका शाळेच्या आवाराची भिंत रंगवायची होती. बरी चित्रं काढणाऱ्या आम्ही दोघीच. सरांनी एक टोक तिला दिलं, एक मला; मधल्या भिंतीवर बाकीचे पाढे आणि सुविचार लिहीत होते. दोन दिवस आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

सास्तूर मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. आताचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं — सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुनं गाव पडलं ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तिथं आमचं नात्यागोत्याचं कुणी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळे हेच विचारतात.

मला विषय होता ‘आपलं गाव’. एरवी मी आधी कागदावर काढून बघते, मग भिंतीवर पेन्सिलनं आखते. त्या दिवशी काहीच आखलं नाही. मनातल्या मनात नाझनीनला बोलत होते — तू असं का केलंस, मी तुझं काय घोडं मारलं होतं — आणि हात आपला चालला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीवर एक गल्ली उभी राहिली होती. दगडी भिंतींची, वर मातीचं सपाट माळवद असलेली घरं. तशी आमच्या तेरलाही आहेत, त्यात नवल नाही. एका घराच्या कुशीतून निघालेलं, वाकून माळवदावर टेकलेलं कडुलिंबाचं झाड. त्याखाली शिलाई मशीन, मशीनच्या एका पायाखाली वीट. उपड्या उखळावर गोधडीची घडी टाकून बसलेली, शेवाळी लुगड्यातली बाई, पाठमोरी. आणि दाराशेजारच्या खुंटीला अडकवलेला झंपर — जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. डावी बाही रंगवताना जांभळा रंग संपला. डबा उपडा केला, ब्रशनं तळ खरवडला, तरी काही निघालं नाही. म्हणून ती बाही मी हाताशी होता त्या शेवाळी रंगानं भरून टाकली.

तेवढ्यात कलावतीकाकू जेवायला बोलवायला आल्या. त्या शाळेत खिचडी शिजवतात. सुट्टीत शाळेची किल्ली त्यांच्याकडंच असते. वय साठीच्या आसपास. दोन दिवस आमचा स्वयंपाक त्याच करत होत्या, पण कुणाशी फार बोलत नव्हत्या.

“चला, भाकरी निवायली,” म्हणाल्या आणि भिंतीकडं बघून थांबल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

“ह्ये तुला कुणी सांगितलं?”

“काय काकू?”

“सुमनचं घर हाय ह्ये.”

मी म्हटलं, मी मनानंच काढलंय. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पुढं झाल्या, लिंबाला हात लावला, विटेला लावला. रंग ओला होता, बोटाला लागला.

“ह्याच उखळावर बसायची. स्टूल आणून दिला तरी न्हाय म्हनायची.” मग त्यांचं बोट झंपरापाशी आलं. “ही बाही अशी का?”

“रंग संपला, काकू. नंतर नीट करते.”

“न्हाय. ऱ्हाऊ दे.”

त्या तिथंच खाली बसल्या. मीही बसले. जेवायला का आलो नाही ते बघायला नाझनीन आली, तीही शेजारी टेकली. काकू भिंतीकडं बघतच सांगत होत्या.

सुमन जुन्या गावात त्यांची शेजारीण, त्यांच्याच वयाची. दोघी एका वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. सुमन आख्ख्या गल्लीचं शिवण शिवायची. काकूंच्या भावानं सणाला जांभळं ठिपक्याचं कापड धाडलं, ते काकूंनी तिच्याकडं टाकलं. आठवड्यानं सुमन म्हणाली, एका बाहीला कापड कमी पडतंय.

“म्या म्हनले, कमी कसं पडंल? तूच ठिवून घेतलं असशील, तुझ्या पोरीला. चार बायांच्या म्होरं म्हनले. ती उठून आत गेली. तवापासून तिच्या अंगणात पाय ठिवला न्हाय म्या. पाचव्या का सहाव्या दिवशी भूकंप झाला.”

“आणि त्या?” नाझनीननं विचारलं.

“ती बी गेली, पोरगी बी गेली. आमचं माळवद अर्धं पडलं, आमी वाचलो.” बाहीकडं बोट करून म्हणाल्या, “शेवाळी लुगडं तिचं हुतं. एकच चांगलं हुतं. म्हंजी त्यातलं फाडून बाही लावली तिनं. माझा झंपर शिवून ठिवला हुता तर.”

त्या रडल्या नाहीत. पदरानं बोटाचा रंग पुसला, उठल्या आणि आम्हाला जेवायला वाढलं.

संध्याकाळी मी ब्रश धूत होते, नाझनीन डबे आवरत होती. ती म्हणाली, “जांभळा तर अर्धा डबा आहे की.”

मी जाऊन पाहिलं. अर्धा डबा होता. दुसरा डबा आणलेला नव्हता, सरांनाही विचारलं.

मग तिथंच, हात रंगानं भरलेले असताना, मी तिला नळदुर्गचं विचारलं. “ग्रुपवर टाकलं होतं ना मी. दोनदा. तू काही बोललीच नाहीस, मला वाटलं यायचं नसेल.” परीक्षेच्या वेळी मी तो ग्रुप म्यूट केला होता आणि मेसेज कधी वर सरकवून बघितलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी निघताना मी काकूंना विचारलं, त्या गल्लीचा एखादा फोटो कुठं छापून आलाय का, मी लहानपणी पाहिलेला असेल. त्या म्हणाल्या, “आमच्या गल्लीत फोटो कोन काढायला येतंय, पोरी?” घरी आल्यावर तीच बाई, तेच मशीन कागदावर काढायचा प्रयत्न केला. जमलं नाही. चाक कुठल्या बाजूला असतं, इथपासून अडलं. आमच्या घरात मशीन कधी नव्हतंच.

नाझनीन म्हणते, योगायोग. गावाकडच्या गल्ल्या सारख्याच असतात. लिंब, वीट, उखळ... एकेक धरलं तर मलाही पटतं. सगळं एकत्र आणि त्यात ती बाही, हे पटत नाही. डब्याचं काढलं की तीही विषय बदलते. याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा.

या उन्हाळ्यात त्या भिंतीला नवा गिलावा करायचं ठरलं. सरांनी तिथं फोन करून विचारलं, तेवढं चित्र ठेवता येईल का. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांनी आधी काकूंनाच विचारलं होतं.

काकू म्हणाल्या होत्या, “पुसा की. मला कळायचं त्ये कळलं.”