पुंजानानांच्या पिकअपचा एअर हॉर्न

वीस मिनिटं वाचवायला गेलो आणि अकरा माणसं मरता मरता राहिली.

आज सकाळी निफाडला पुंजानाना गेले. म्हणून हे लिहितोय. ते असताना धीर झाला नाही.

पेठ रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. गाडी वळणावर असतानाच आवाजावरून बिघाड सांगतो, ही माझी ख्याती. नानांच्या गावात तर अजून सांगतात, याच्या कानानं अकरा जीव वाचवले.

सात वर्षं झाली. द्राक्षांचा सीझन संपला होता. नाना आपल्या बागेवरच्या मजुरांना पेठकडं घरी सोडायला निघालेले. पिकअपच्या मागे अकरा जण, भांडीकुंडी, दोन कोंबड्या.

"एअर हॉर्न लाव. घाटात समोरचा ऐकतच नाय."

"नाना, रिले संपलाय. आणून लावायला वीस मिनिटं जातील."

"माणसं उन्हात बसलीत रे. लाव तसाच. तुझ्या हाताला यश हाय."

स्तुतीला भुललो.

रिले असला की हॉर्नला करंट थेट बॅटरीवरून मिळतो. मी जुन्या हॉर्नच्याच वायरीला जोडून दिला.

नानांनी दाबला. शेजारच्या चहावाल्याच्या हातातून ग्लास पडला.

"ओ नाना, म्हशी आटतील ना!"

मागचे सगळे हसले. गाडी गेली.

अर्ध्या तासानं तसलीच दुसरी पिकअप आली. ब्रेकलाइट बंद. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं आणि त्यावरचं वाचलं.

हॉर्न आणि ब्रेकलाइट. एकच फ्यूज.

माहीत नव्हतं असं नाही. घाईत सुटलं.

रिलेशिवाय एवढ्या हॉर्नचा करंट तो फ्यूज उडवणारच. नाना घाटात प्रत्येक वळणाला दाबणार. मग त्यांनी ब्रेक मारला तरी मागच्या ट्रकला कळणार नाही.

आणि तो ट्रक आणि नाना यांच्या मध्ये ती अकरा माणसं.

फोन लावला. उचलला नाही.
परत लावला. नाही.

बाइक काढली.

सावळघाटाच्या पायथ्याशी इंजिन बंद करून कान दिला. ट्रकचे हॉर्न येत होते. नानांचा नाही.

म्हणजे फ्यूज उडाला. किंवा त्याहून वाईट.

पुढचं प्रत्येक वळण मी घेतलं ते पलीकडं काय दिसेल या भीतीनं.

चौथ्या वळणाला पिकअप कडेला उभी. माणसं दगडांवर बसून भाकरी खात होती.

मोजली. अकरा.
पुन्हा मोजली.

त्यांच्यातली जिजाबाई हातातलं लाल फडकं झटकत म्हणाली, "मागला ट्रक पहिलं लांबून थांबं. मंग अंगावरच याया लागला. म्हनून फडकं हालवलं न् केबिन बडवली."

मी नानांचे पाय धरले. सगळं सांगितलं.

"गप. आधी फ्यूज बदल."

एअर हॉर्न काढला, जुना जोडला. नाना माणसं घेऊन पुढं निघाले.

गावात मात्र सांगत सुटले, "लांबून आवाज ऐकून वळखलं गड्यानं. मागं धावत येऊन गाडी थांबवली."

तेव्हा माझ्या दुकानाला पत्रेही धड नव्हते. त्या गोष्टीवर निम्मा तालुका माझ्याकडं आला. मी ती कधी खोडली नाही.

नाना, आज खोडतो. रागावू नका. सुखानं जा.

मी घाटात पोहोचलो तेव्हा जिजाबाईनं गाडी थांबवून अर्धा तास झाला होता.