काकासाहेबांचे समुद्रकाठचे गाव

बडोद्यात बसून स्पेन देशाची इतकी सेवा केलेला माणूस खुद्द स्पेनमध्येही झाला नसेल, असे माझे माझ्या चुलत सासऱ्यांविषयी ठाम मत आहे. श्रीमंत महाराज सरकारांच्या कारकिर्दीत बडोद्याची पुष्कळ माणसे विलायत पाहून आली. कोणी तिकडून कायदा शिकून आले, कोणी घड्याळ आणले, कोणी चहा पिताना करंगळी वर धरू लागले. काकासाहेबांनी एक आख्खे गाव आणले. ते होते खासगी खात्यात, पगड्या बांधण्याच्या कामावर. एका सरदारांबरोबर त्यांना युरोपात धाडले होते. तिकडच्या थंडीने सरदारांची छाती धरली. डॉक्टरांनी समुद्राची हवा खायला सांगितले, म्हणून दोघे स्पेनमधल्या एका कोळ्यांच्या गावी जाऊन दीड महिना राहिले. सरदार बरे झाले आणि ते गाव विसरूनही गेले. काकासाहेबांचा मात्र जीव तिथेच अडकला.

आमचे घर नागरवाड्यात त्यांच्या घरासमोरच असल्यामुळे त्या गावाची शोभा मी रोज फुकटात पाहत असे. तिथली घरे पांढरीशुभ्र, म्हणून काकासाहेब दर दिवाळीला भिंतींना स्वतः चुना लावीत आणि दारे निळी रंगवीत. तिथे भिंतींवर लाल फुलांच्या कुंड्या टांगतात, म्हणून यांनी खिळे ठोकून जास्वंदीच्या कुंड्या टांगल्या. त्यांतली एक सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींच्या छत्रीवर पडली. छत्री उघडी होती म्हणून भटजी वाचले. काकासाहेबांनी त्यांना आत नेऊन पाणी दिले आणि म्हणाले, "तिकडे पडत नाहीत. तिकडचा खिळा चांगला."

तिथे दुपारी जेवणानंतर सगळे गाव झोपते, हा शोध त्यांनी कचेरीतही लावून पाहिला. वरिष्ठांनी उठवून जाब विचारला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या गावात फौजदारसुद्धा झोपतो." वरिष्ठांनी रागारागाने त्यांची बदली फरासखान्यात केली. तिथे संस्थानचे तंबू, गालिचे, गाद्या आणि तक्के ठेवलेले असत. शिक्षा म्हणून केलेली इतकी सोयीची बदली मी दुसरी पाहिली नाही.

कोणी कुठेही निघाले की काकासाहेब त्याला वाट वाकडी करून त्या गावी जायला सांगत. शेजारचे नागर ब्राह्मण गृहस्थ द्वारकेला निघाले. यांनी त्यांना ओट्यावर बसवून घेतले. संध्याकाळी होड्या कशा परत येतात, बायका रेतीत बसून जाळी कशी विणतात, त्याच रेतीत काड्यांना टोचून ताजी मासळी कशी भाजतात, सगळे सांगितले. ते बिचारे कानांवर हात ठेवून म्हणाले, "काका, अमाराथी माछली न खवाय." काकासाहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "मग संत्री खा. लिंबाचा बर्फ मिळतो तो खा. देवीला होडीत बसवून समुद्रावर फिरवतात ते बघा. कोण आग्रह करतंय मासळीचा?" आपण तिथल्या सात कोळ्यांना बडोदेशाही पगड्या बांधून दिल्या आणि ते तसेच होडीत बसून मासे धरायला गेले, हेही ते सांगत. खरेखोटे तो समुद्र जाणे. गावाचे नाव मात्र ते कोणालाच सांगत नसत. "निघाल त्या दिवशी सांगेन," म्हणत. "न जाणाऱ्याला नाव काय करायचंय?"

पण त्या गावची त्यांची सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे संध्याकाळचे फिरणे. पाच वाजले की सगळे गाव चांगले कपडे घालून समुद्रकाठी येते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, परत येते, आणि भेटेल त्याला दर फेरीला नमस्कार करते. नवराबायको जोडीने चालतात, बायको पाण्याच्या बाजूला, म्हणजे तिला समुद्र नीट दिसावा. काकासाहेबांनी समुद्राच्या जागी सूरसागर तलाव धरला. पगडी, कोट, हातात काठी अशा थाटात ते तलावाच्या काठाने फेऱ्या घालीत. काठावर बसणाऱ्या कापडवाल्या शेठजींनी चार वेळा "जय श्रीकृष्ण" म्हणून पाचव्या वेळी हात जोडले, "काका, हमणां ज तो कर्युं." आत्ताच तर केला म्हटले, तरी सहावा नमस्कार झालाच.

चालताना पाण्याकडची एक माणसाची जागा ते रिकामी ठेवीत. मी एकदा नकळत तिकडून चालू लागलो, तर मला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला आणले. "ती तुमच्या काकींची जागा."

काकी कधी आल्या नव्हत्या. आमच्या मराठा घरांत तेव्हा गोषा होता. सरकारांनी पुष्कळ मोकळीक दिली, तरी ती उंबऱ्यापाशी येऊन थांबे. रोज पाचला काकासाहेब दारात उभे राहून आत विचारीत, "येतेस?" आतून उत्तर येई, "चूल कोण बघणार?" वीस वर्षे हा सवालजवाब मी ऐकला. एकदा नणंदांच्या आग्रहावरून काकी पडदे लावलेल्या गाडीत बसून तलावावर गेल्या. हे शेजारून चालत खिडकीशी बोलत राहिले. घरी येऊन पगडी काढून ठेवली आणि मला म्हणाले, "पडद्याला समुद्र दाखवून आलो." त्या दिवशी त्यांचे मला फार वाईट वाटले. काकींचा रागही आला.

पुढे त्यांची दृष्टी गेली. मोतीबिंदू काढूनही फरक पडला नाही. तीन दिवस ते पाच वाजता पगडी बांधून, कोट घालून ओट्यावर बसले आणि दिवेलागणीला उठून आत गेले. "येतेस?" हे विचारणेही थांबले होते. चौथ्या दिवशी निळे दार उघडले. डोक्यावरून पदर घेतलेल्या काकी भर रस्त्यावर उभ्या राहिल्या. मी समोरून बघत होतो. त्यांनी काकासाहेबांचा हात धरला.

"अहो, येताय?"

"आणि चूल?"

"विझवलीय."

कुठे ठेच लागली तर, असे निमित्त करून मी दहा पावले मागून चाललो. तलावाशी येताच काकासाहेब चाचपडत मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि काकींना पाण्याकडे घेतले. शेठजींनी न सांगता "जय श्रीकृष्ण" केले. मग काकी पाण्याकडे बघून हळूच बोलू लागल्या.

"होड्या परत येताहेत. पुढच्या होडीत सात जण आहेत, डोक्याला पगड्या. बायका जाळी गुंडाळताहेत."

"आधी देवळाची घंटा होते," काकासाहेब म्हणाले. "मग होड्या."

"बरं. झाली घंटा. रेतीत मासळी भाजायला घेतलीय. लिंबाचा बर्फवालाही आलाय."

चुलीपुढे पाठमोऱ्या बसून त्यांनी वीस वर्षांत एक शब्दही गळू दिला नव्हता. मी त्यांच्यावर केलेला राग मला तिथेच परत घ्यावा लागला. तलावाच्या टोकाला पोहोचल्यावर काकासाहेब थांबले, वाकले आणि काकींच्या कानात काहीतरी बोलले. काकींनी ते दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा त्यांना हसू आले.

आता दोघेही नाहीत. कोणी विलायतेला निघाले की त्या गावाला जाऊन यायला मीही सांगतो. ते नाव विचारतात. त्या दिवशी मी दहा पावले मागे होतो, मला ऐकू आले नाही.