केबिनवाले आबा आणि नवा डबा

कान्हे गावच्या आबांचा दिव्यावर विश्वास नव्हता. उभी हयात रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढलेल्या माणसाबद्दल हे विधान मी संकोचानेच करते. निवृत्तीनंतर ते लोणावळ्यात घरोघरी इंटरनेट जोडून देत. राउटरला ते 'डबा' म्हणत. "हिरवा दिवा म्हंजी डबा जिता हाय. रस्ता खुला हाय, असं न्हाई," हे ते प्रत्येक घरी बजावत.

साठी उलटल्यावर मी संगणक शिकले. परगावी असताना घरचा संगणक मोबाइलवरून उघडण्याची सोय आबांनीच करून दिली होती.

एकदा आम्ही पुण्यात होतो; दुसऱ्या दिवशी यजमानांची शस्त्रक्रिया होती. पूर्वी भुलीच्या एका औषधाने त्यांच्या जिवावर बेतले होते. ते औषध कोणते, हे डॉक्टरांना पाच वाजेपर्यंत हवे होते. त्याचे नाव असलेला जुना कागद स्कॅन करून घरच्या संगणकात ठेवला होता. नेमका कुठे, ते आठवत नव्हते. आणि मोबाइलवरून संगणक उघडेना. आदल्याच दिवशी आबांनी आमचा जळालेला राउटर बदलला होता.

मी आबांना फोन केला. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन ते आमच्या घरात गेले आणि फोनवर म्हणाले, "नव्या डब्याला ठावंच न्हाई, भायेरची गाडी कुटल्या फलाटाला लावायची. जुन्याला सांगितलं व्हतं, ह्येला सांगायचं राह्यलं."

मला काहीच उमगले नाही. मी "हो" म्हटले. असला होकार आबा फोनवरही ओळखत. "कळलं नसंल तर न्हाई म्हना, ताई. केबिनीत खोटं व्हय म्हनलं की गाडीला गाडी भिडती."

त्यांनी आपल्या मोबाइलवर राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली आणि त्यातून संगणकाचा म्हणून एक क्रमांक राउटरला दिला. माझ्यापुढे पडदा काळाच. पुन्हा प्रयत्न केला, काळाच. साडेचार वाजले. इतक्यात आबा ओरडले, "आरं तिच्या! यादीतला माझ्याच मोबाइलचा नंबर दिला की! गाडी माझ्या खिशात येतीया!"

त्यांनी क्रमांक बदलला आणि घरचा पडदा माझ्या हातात उजळला. तिकडे पडद्यावरचा बाण आपोआप सरकताना पाहून आबा म्हणाले, "आलात व्हय! या ताई. घरातली कागदं हायेत, मी तोंड फिरवून हुबा ऱ्हातो."

कागद विजेच्या बिलांच्या फोल्डरमध्ये सापडला आणि पाचच्या आत डॉक्टरांना मिळाला.

आज यजमान समोर बसून पेपर वाचतात. आबा गेल्या वर्षी गेले. राउटर पुन्हा रुसला आहे. "अगं, बोलाव ना कुणाला तरी," यजमान म्हणतात. मी फोन हातात घेते. कुणाला बोलवावे, ते मला कळत नाही.