तीन लांब शिट्ट्या

टिन व्हिसल म्हणजे सहा भोकांची पत्र्याची शिट्टी. बासरीसारखी आडवी नाही, सरळ तोंडात धरायची. रिटायर झाल्यावर हौसेने मागवली. हळू फुंकली की गोड वाजते, जोर लागला की किंचाळते. माझा जोर नेहमीच लागायचा. एकदा समोरच्या काकूंनी माझा वरचा सा कुकरची तिसरी शिट्टी समजून गॅस बंद केला आणि काकांना कच्चा भात गिळावा लागला. त्याच दिवशी बायकोने निकाल दिला, "पुन्हा ही पिपाणी ऐकू आली ना, तर सरळ सुक्या कचऱ्यात!"

त्या सोमवारी सकाळी "अंबरनाथला शिवमंदिरात जाऊन येतो" म्हणून निघालो आणि लिफ्टने खाली जायच्या ऐवजी वर गेलो. बदलापूरच्या आमच्या सातमजली सोसायटीची गच्ची त्या वेळी रिकामी असते. शिट्टीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की आवाज दबतो, हा माझा शोध. पाण्याच्या टाकीमागे बसून दबक्या सुरात वाजवत होतो. तेवढ्यात सेक्रेटरी टाकी बघायला आले. ते बायकोला सांगणार म्हणून मी श्वास रोखून लपलो. इतका सुंदर लपलो, की ते दाराला कुलूप लावून निघून गेले.

मोबाईल घरी, चार्जिंगला. दार बडवलं, हाका मारल्या. शेजारच्या नव्या टॉवरच्या ड्रिलिंगमध्ये सगळं विरलं. ऊन चढायला लागलं, ओरडून घसा बसला. शेवटी ड्रिलिंग जरा थांबल्यावर चिकटपट्टी काढली आणि मला येणारी एकमेव धून जीव तोडून वाजवली. खाली खिडक्या सरकल्या. खट्, खट्, खट्. सगळ्या बंद झाल्या. पहिली आमचीच.

एवढ्या लोकांना खाली आणणारा माणूस आमच्याकडे एकच, घंटागाडीवाला. तो गेटवर तीन लांब शिट्ट्या मारतो. मीही मारल्या.

दोन मिनिटांत अख्खी सोसायटी बादल्या घेऊन गेटवर! गाडी नाही बघून सगळे वर बघायला लागले. मी कठड्यावरून हात हलवला. हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या धरून उभ्या असलेल्या बायकोने मान वर करून ओरडून विचारलं, "झालं का दर्शन?"

ती सेक्रेटरींबरोबर वर आली ती सुक्या कचऱ्याच्या निळ्या बादलीसकट. "टाका."

मी शिट्टी पुढे केली.

मागून समोरच्या काकू धापा टाकत आल्या. "अहो वहिनी, टाकताय कशाला? आपल्या मागच्या विंगला गाडीची शिट्टी कधी ऐकूच येत नाही. आज पहिल्यांदा माझा कचरा वेळेवर खाली आला."

सेक्रेटरी म्हणाले, "ठराव करू या का?"

बायकोने बादली खाली ठेवली. मला वाटलं, सुटलो.

आता रोज सकाळी घंटागाडी वळणावर दिसली की मी गच्चीवर उभा असतो. तीन लांब शिट्ट्या, त्यापुढे एकही सूर नाही, अशी अट आहे. मुलीकडे उल्हासनगरला एक दिवस राहायला गेलो, तर फोनवर फोन, "काका, कचरा राहिला ना!" रविवारची सुट्टी मागितली, बायको म्हणाली, "कचऱ्याला असते का?"

गच्चीची किल्ली मात्र माझ्याकडे नाही. वाजवून झालं की सेक्रेटरी येऊन मला सोडतात.