भट्टीत तापवलेले दिवे

नोकरीतली बरीच प्रकरणं आता तपशिलानिशी आठवत नाहीत. हे मात्र आठवतं, आणि ते माझ्या कर्तबगारीमुळे नाही.

मार्गासनीजवळ संध्याकाळी सातच्या सुमारास एका वृद्ध बाईंना पांढऱ्या गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. बाई दुसऱ्या दिवशी गेल्या. पंचनाम्यात एकच वस्तू हाती लागली होती, हेडलाइटच्या काचेचा तळहाताएवढा तुकडा. तो आम्ही प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल येईना. गावकरी रोज ठाण्यात येऊन बसत, वरून फोन येत.

चौथ्या दिवशी कामथडीजवळ पंक्चर काढणाऱ्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. "सायेब, शिवऱ्याचा एक वडापवाला हाय, शिटा भरून गावोगाव फिरतोय, पांढरी गाडी. दोन्ही दिवे खोलून परत चिकटवल्यात. गोंद अजून ताजा दिसतोय."

काच फुटली असणार, म्हणून बदलली, म्हणून दिवा पुन्हा चिकटवला. ठाण्यातून निघण्याआधीच माझा तपास मनात पूर्ण झाला होता.

माणूस तिशीतला, शेतकरी घरातला. दिव्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "कंपनीतनं आल्यात तसंच हायेत." काचेच्या कडेने पांढरं सिलिकॉन बाहेर आलेलं मी बोटाने दाखवलं. मग त्याने कबूल केलं, जास्त उजेडाचे दिवे बसवायला स्वतःच खोलले होते. असे बदल करायला मनाई आहे, दंड होईल, म्हणून खोटं बोललो. माणूस लहान चूक लपवायला खोटं बोलतो आणि मोठ्या गुन्ह्यात अडकतो, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. त्या दिवशी ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"कुठं खोललेस?"

"भोरला, चाचांच्या बेकरीत. जुना गोंद तापवल्याबिगर सुटत न्हाई सायेब. भट्टीत ठेवले हुते."

शिपाई हसला. "टोस्टासारखे भाजले? मग चहात बुडवून बघितलेस का?"

"खरंच सांगतोय. त्या दिशी सातला म्या तिथंच गोंद खरवडत हुतो. गाडी भाईर बिनदिव्याची उभी. चाचांना इचारा."

मी विचारलं नाही. त्याच्या कानाखाली मारली. स्टेशन डायरीत नोंद न करता दोन दिवस त्याला बाकावर बसवून ठेवलं. काच बदलल्याची खूण सापडेल म्हणून दोन्ही दिवे काढून आणले आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटले. काहीच सापडलं नाही. हे सगळं मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

"सायेब, सोमवारी शाळेच्या बसवर हजर व्हायचंय," तो पुनःपुन्हा सांगत होता. "वडाप सोडून पगाराची नोकरी मिळाली हाय, लई खटपटीनं." सोमवार आमच्या बाकावर गेला.

त्या दुपारी आमचे हवालदार चहा पिताना थबकले. ते भोरचे, वयाने माझ्याहून मोठे. "साहेब, एक आठवलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चाचांच्या बेकरीतून आमच्या घरी आणलेल्या टोस्टला प्लास्टिकचा वास येत होता. मंडळींनी पुडा परत पाठवला."

आम्ही बेकरीत गेलो. चाचांनी दिव्यांचं नाव ऐकताच कपाळावर हात मारला. "त्यानं माझी भट्टी बाटवली साहेब! रात्रीपर्यंत इथं बसून खरवडत होता. त्यानंतरचा घाणा सगळा वासाचा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गिऱ्हाईक पुडे परत आणत होतं. लई शिव्या घातल्या त्याला. का, काय केलं त्यानं?"

काही केलं नव्हतं. आठवड्याने आलेल्या अहवालात तो तुकडा दुसऱ्याच बनावटीच्या गाडीचा निघाला. पुढे ती गाडीही सापडली.

बेकरीतून परतल्यावर त्याला लगेच सोडलं, तेव्हा त्याच्या हातात उचकटलेले दिवे दिले. त्याने दोन्ही फिरवून पाहिले. "आता पाऊस आला की पाणी आत जाणार," एवढंच म्हणाला. मग दारातून वळला. "शाळेला तुमीच सांगा सायेब. अपघाताच्या केसमधला डायवर म्हणून ठाण्यात बसलेला सगळ्यांनी बघितलाय. माझं कोण ऐकंल?"

"सांगतो," मी म्हणालो.

शाळा ठाण्यापासून वीस मिनिटांवर होती. आज बंदोबस्त, उद्या बैठक, असं करत मी पंधरा दिवसांनी गेलो. खरं कारण वेगळं होतं. चूक झाली हे वर्दीत उभं राहून सांगणं जड जात होतं. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकलं. "तुम्ही त्याच आठवड्यात आला असतात तर," ते म्हणाले, "जागा ठेवली असती." बसवर दुसरा चालक लागला होता.

पुढे मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्यामागे कारणं अनेक आहेत, हे त्यातलं एक. या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच, की संशयिताने सांगितलेली जागा आधी जाऊन बघावी. ती खोटी ठरली तर एक फेरी वाया जाते.

गेल्या पावसाळ्यात शिवऱ्याजवळ वडापची एक जुनी पांढरी गाडी माझ्यापुढे चालली होती. मी ओलांडून पुढे गेलो आणि आरशात पाहिलं. डाव्या दिव्यात काचेच्या आतून पाणी साचलं होतं. चालक तोच होता का, हे थांबून बघायचं धाडस मला झालं नाही.