केसभर हळद

लेथजवळ सकाळी झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत पायाखाली पुन्हा लोखंडाचा कीस जमतोच. आमच्या वर्कशॉपमधल्या गोष्टींचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम करत नाही, काम चालू असलं की त्या पडत राहतात. मी चपला झटकताना त्यातल्या चार-दोन उचलून ठेवल्यात. ऐकताना तुम्हाला हसू येईल. मला मात्र सांगताना येत नाही, कारण या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला माझा दादा भट्टीच्या दारात उभा असतो.

आधी माणसं सांगते. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं बारा माणसांचं शॉप आहे. कारखान्यांतल्या मोठ्या पंख्यांची हवा पत्र्याच्या बोगद्यांतून जाते, ती कमी-जास्त करायच्या किंवा बंद करायच्या झडपा आम्ही बनवतो. मालक अण्णा, मूळचे माण तालुक्यातले, आर्मीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. लोकांना तंबाखूची असते तशी त्यांना शोध लावायची खोड आहे. लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, बाबूमामा. त्यांचा कान इतका तयार की टूल बोथट झालं की ते चहा पिता पिता बसल्या जागी सांगतात.

आणि मी सुमन. ड्रॉइंग काढते आणि तयार माल तपासते. तपासणीला मी बरी, कारण मला कशाचाच भरवसा वाटत नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी बसस्टॉपवरून घरी परत गेलेली बाई आहे. एकदा नव्हे.

*

अण्णा हवेची गळती अगरबत्तीनं तपासतात. पुण्याहून आलेल्या एका साहेबांना ते पटलं नाही. त्यांच्याकडे चकचकीत डिजिटल मीटर होता. बंद झडपेच्या मधोमध तो धरून ते म्हणाले, "झीरो. परफेक्ट."

अण्णांनी अगरबत्ती खालच्या कोपऱ्याजवळ नेली. धूर तिथून सरळ आत ओढला गेला. साहेबांनी मीटर दोनदा तळहातावर आपटून बघितला.

"सायेब, त्येला कशाला मारताय," अण्णा म्हणाले. "त्यो जितं धरला तितलंच सांगणार. धुराला कुटं बघायचं ते सांगावं लागत न्हाई."

आम्ही कोपरा दुरुस्त करून दिला, माल गेला. पुढं त्या कंपनीचा रिपोर्ट आला, त्यात 'तपासणीचे साधन' या रकान्यात लिहिलं होतं, 'मोगरा'.

*

माझं माहेर आष्ट्याचं. दादा तिकडच्याच एका साखर कारखान्यात बॉयलरवर फायरमन आहे, जाळ सांभाळतो. महाशिवरात्रीला माहेरी गेले तर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी कमी वाटत होतं. काय ते जेवायला बसल्यावर लक्षात आलं.

"दादा, भुवया कुटं गेल्या तुज्या?"

"कारखान्यात ठेवल्यात. सीझन संपला की आणतो."

वहिनी हसली नाही. मग मी खोदून खोदून विचारलं.

बॉयलरला दोन पंखे असतात. एक जाळाला हवा ढकलतो, दुसरा धूर धुराड्याकडे खेचतो. खेचणारा अचानक बंद पडला आणि ढकलणारा चालूच राहिला, तर जाळाला जायला वाट उरत नाही. तो दारातून बाहेर येतो. एक बंद पडला की दुसरा बंद व्हावा म्हणून विजेची सोय असते, पण ती त्या दिवशी चालली नाही. दारात कोण होता? आमचा दादा.

"खाली वाकलो हुतो म्हणून बरं," तो भाकरी मोडत म्हणाला, "न्हाईतर..." पुढचं त्यानं घासाबरोबर गिळलं.

त्या रात्री मला झोप नाही. साताऱ्याला परत आल्यावर शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं, तर बाबूमामांनी लेथ बंद केला. अण्णा टेबलावर बोटानं रेघा ओढायला लागले. रेघा सुरू झाल्या की समजायचं, डोक्यात काहीतरी फिरायला लागलं.

*

तिसऱ्या दिवशी अण्णांनी टेबलावर तेलाचा रिकामा डबा ठेवला. डब्यात पत्र्याची झडप, झडपेच्या दांड्याला एका बाजूनं दोरी, आणि दोरीला चक्क वरवंटा टांगलेला. डब्याच्या एका तोंडाला त्यांनी घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावला. तो चालू केला की त्याच्या खेचीनं वरवंटा वर उचलून धरला जाई आणि झडप उघडी राही. क्लीनर बंद केला की वरवंटा खाली, झडप बंद.

"ईज गेली तरी वजन खाली यायचं इसरत न्हाई," अण्णा म्हणाले.

ज्या खेचीवर दादाचा जीव अवलंबून, तीच खेच झडपेला उघडी धरणार होती. खेच गेली की जाळाकडची हवा आपोआप तुटणार. मी ते पंधरा-वीस वेळा बंद-चालू करून बघितलं. एकविसाव्या वेळी पडणार नाही असं मला उगाच वाटत होतं.

तेवढ्यात काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवं, चटणी कशानं वाटू? घरात सगळं हुडकलं."

"आगं, त्येचं पेटंट हुतंय."

"मग पेटंट झालं की धुऊन द्या," काकू म्हणाल्या आणि क्लीनर घेऊन गेल्या.

*

कारखान्याच्या इंजिनियरांनी डबा बघितला आणि पुढच्या सीझनसाठी दोन झडपा मागितल्या. बॉयलरला गरम हवेचे दोन बोगदे, डावा आणि उजवा, म्हणून दोन. ड्रॉइंग मीच काढलं. झडपेचा दांडा ज्या गोल बुशमध्ये फिरतो, त्या बुशचं भोक किती, दांडा किती, सगळे आकडे माझे. दांडा अडकला तर झडप पडणार नाही. झडप पडली नाही तर पुढचं मला माहीत होतं. मी ते आकडे इतक्या वेळा तपासले की मुलगा म्हणाला, "आई, तू झोपेत पाढे म्हणतेस."

बुश बनवायची वेळ आली ती नेमकी दसऱ्याच्या सुमाराला. खंडेनवमीला आमच्याकडे मशीन चालत नाही. लेथ, पाने, मापाची साधनं, सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावून ठेवतात. बाबूमामांची भक्ती सढळ हाताची. भोक मापायची पोलादी दांडी असते, तिला आम्ही प्लग गेज म्हणतो. ती भोकात गेली तर भोक बरोबर, नाही गेली तर लहान. मामांच्या मते शॉपची लक्ष्मी तीच. त्यांनी तेलात कालवलेली हळद तिच्या मुठीला लावली, आणि मन भरेना म्हणून टोकालाही लावली. शिवाय पूजेची हळद पुसायची नाही, आपोआप जाऊ द्यायची, हाही आमच्याकडचा नेम.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. मामांनी बुश आणून दिले. मी गेज घातला. जाईना.

"मामा, भोक लहान आहे."

"बरुबर हाय. गेज रुसलाय तुमचा."

"गेज रुसत नाही मामा."

मामांनी भोक वाढवून आणलं. तरी जाईना. तिसऱ्यांदा वाढवल्यावर गेला, पण तोवर मामा मला ताई म्हणायचे ते मॅडम म्हणायला लागले होते. दोन दिवस आमचं बोलणं बंद. सगळं मीच ठरवून, मीच पास करून, झडपा टेम्पोत घालून आष्ट्याला पाठवल्या.

टेम्पो गेल्यावर मी गेज खोक्यात ठेवायला घेतला. आधी रॉकेलनं पुसावा म्हणून पुसला, तर कापूस पिवळा झाला. हातात घेताना पिवळं दिसलं नव्हतं असं नाही. पण त्या आठवड्यात सगळंच पिवळं होतं, लेथ, पाने, माझं टेबलसुद्धा. टोकावर वाळलेल्या हळदीचा थर होता, केसाएवढा. म्हणजे मामांची भोकं पहिल्यापासून बरोबर होती, आणि ती मी केसभर मोठी करून घेतली होती.

तो कापूस घेऊन मी अण्णांकडे गेले.

"अण्णा, माझ्या हातून दादाच्या झडपा ढिल्या गेल्या."

अण्णांनी कापूस बघितला, वास घेतला. मग मामांना हाक मारली, "बाबू, धुतल्याल्या गेजवर नवं बुश काढ. सुमन, तुजा जेवनाचा डबा घे बरुबर. आष्ट्याला चाललोय."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्या तवाच सांगितलं, गेज रुसलाय म्हणून."

*

जीपमध्ये मी मांडीवर नव्या बुशांची पिशवी धरून बसले होते. कराडपर्यंत तीनदा उघडून मोजले. पेठनाक्याला अण्णांनी चहासाठी जीप थांबवली, मी उतरले नाही.

"पोरी, पिशवीतनं बुश पळून जात न्हाईत," अण्णा म्हणाले. पण त्यांचाही अर्धा चहा कपातच राहिला.

कारखान्यावर पोहोचलो तर झडपा बसवून झालेल्या. बॉयलर पेटवायचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळी. उजवी झडप हाताशी होती, तिचे बुश आम्ही बदलले. डावी उंचावर, तिच्यावर गरम बोगद्याचं वेष्टण चढवून झालेलं. ती उघडायची म्हणजे दोन दिवस. इंजिनियर म्हणाले, "मुहूर्त हलणार नाही. उद्या कमी जाळावर टेस्ट घेऊ. डावी नीट पडली नाही तर बॉयलर थांबवतो."

थंड असताना दोन्ही झडपा छान पडल्या. तरी मी डावीकडेच बघत होते.

*

सकाळी पूजा झाली, बॉयलर पेटला. दोन-अडीच तासांत बोगदे तापले. दादा त्याच्या रोजच्या जागी, दाराशी.

"बाजूला हो की," मी म्हटलं.

"मग टेस्ट कसली, सुमे? म्या रोज हितंच असतो."

अण्णा जाऊन त्याच्याशेजारी उभे राहिले. दादा म्हणाला, "अण्णा, तुमी मागं ऱ्हावा." अण्णा म्हणाले, "गड्या, झडप मी बनवलीया. मागनं मला काय दिसतंय?"

इंजिनियरांनी खेचणारा पंखा बंद केला.

डावी झडप धपकन पडली. हळदीची. उजवी, जिचे बुश आम्ही जिवाचा आटापिटा करून साताऱ्याहून आणले होते, ती अर्ध्यावर आली आणि तिथंच अडकली. दारातून जाळ हातभर बाहेर आला. दादानं अण्णांना दंडाला धरून मागं ओढलं. कुणीतरी ढकलणारा पंखा बंद केला, आणि जाळ आत गेला. एवढंच. मला ते तासभर चालल्यासारखं वाटलं. मी ओरडले असं नंतर सगळे सांगतात, मला आठवत नाही.

कुणाला काही झालं नाही. इंजिनियर दोन्हीकडे बघून म्हणाले, "चुकलेली बाजू कुठली म्हणाला होतात तुम्ही?"

अण्णांनी पान्यानं उजवा दांडा हलवून बघितला, हलला नाही. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, आपण गार लोखंडाचं ड्रॉइंग काढलं. हितं लोखंड तापून फुगतंय. आर्मीत पयल्या वर्साला शिकवलं हुतं मला. इसरलो."

*

साताऱ्याला आल्यावर मी मामांना सांगितलं, उजवीकडचे बुश केसभर मोठे करा.

"लेखी द्या, मॅडम."

मी नवं ड्रॉइंग काढून दिलं.

"बदलाचं कारन लिवा खाली."

मी लिहिलं, 'उष्णतेने होणारे प्रसरण.' मामांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद परत केला.

"हळद लिवा. कागदावर खोटं नगं."

*

उजवी झडप बदलली, पुन्हा टेस्ट झाली, दोन्ही पडल्या. सीझन सुरू झाला. सगळे खूश. मी नव्हते. दोन चुका मिळून एक बरोबर झालं होतं, आणि अशा बरोबरावर झोप लागत नाही. मी रोज संध्याकाळी दादाला फोन करायची.

"भुवया?"

"हायेत."

"दोन्ही?"

"आगं, किती येळा मोजू?"

अण्णा म्हणायचे, हिला दादाच्या भुवयांचं रोजचं रीडिंग लागतं. खरंच लागायचं.

*

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुपारची वेळ, मी तपासणीच्या टेबलावर. शॉपचा फोन वाजला. अण्णांनी घेतला. "कोन, दादा?" असं ते म्हणाले आणि माझ्या हातातलं माप टेबलावर पडलं. दादा ड्यूटीवर असताना फोन करत नाही. आणि केलाच तर मला करेल, शॉपला नाही.

अण्णा ऐकत होते. "व्हय... व्हय... कवा?... बरं." मध्येच त्यांनी कपाळाला हात लावला. बाबूमामांनी लेथ बंद केला.

अण्णांनी फोन ठेवला.

"काय झालं?"

"खेचनारा पंखा बंद पडला. आत्ता, जेवनाच्या टायमाला. पुरा जाळ हुता."

"दादा कुठं होता?"

"दारापुढंच. डबा उघडून बसलाता."

अण्णांनी ड्रॉवरमधून तक्रारींची वही काढली, चष्मा लावला आणि सावकाश लिहायला लागले. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे वळवली.

'झडप: डावी व उजवी. ग्राहक: फायरमन. तक्रार: वजन पडताना फार मोठा आवाज होतो. माणूस दचकतो. वांग्याचं कालवण सांडलं.'

खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती. माझी सही पहिल्यांदा सहीसारखी आलीच नाही, म्हणून दुसऱ्यांदा केली.